घामाची गोळी

मुंबईत असेपर्यंत माझ्या चेहऱ्याला जास्त घाम येतो हे मला कळलंच नव्हतं. तिथे सगळेच निथळत असायचे, त्यात माझा घाम कुणाच्या नजरेत भरणार? आम्ही इस्रायलमध्ये ओफाकिमला राहायला आलो आणि पंचाईत झाली. नेगेवच्या वाळवंटातल्या कोरड्या वाऱ्यात चादर दोरीवर टाकून पाठ वळवावी तोवर वाळते, माणसांचा घाम दिसायच्या आत उडून जातो. माझा मात्र कपाळावरून भुवयांवर, तिथून नाकाच्या शेंड्यावर आणि मग थेट समोरच्याच्या टेबलावर. हातपाय कोरडे, पाठ कोरडी, फक्त चेहरा!

आणि सल्ले तर विचारू नका. आई म्हणायची, अंगात उष्णता आहे. मग सब्जा, आमसुलाचं सरबत, कपाळावर चंदन. कारखान्यातला मुकादम म्हणायचा, पाणी पी. या देशात हे सगळ्यावरचं औषध. पाय मुरगळला तरी पाणी पी. मी प्यायचे आणि ते सगळं कपाळावाटे परत यायचं. मावशीने तर आमचे लोक ज्याला नवस बोलतात त्या एलियाहू हनबीला, त्या प्रेषिताला, नवसच बोलून टाकला: पोरीचा चेहरा कोरडा होऊ दे, मलिदा करीन. मलिद्याच्या पोह्यांत घालायला ओला नारळ कुठून आणायचा, ते बहुधा तिने नबींवर सोडलं होतं.

हेही मी चालवून घेतलं असतं, पण त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं. मुलगा इराकहून आलेल्या घरातला, मोटारी दुरुस्त करणारा. तो आमच्यासारखा कोकणातला यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, नव्हता, म्हणून बीरशेबाला धर्मगुरूंच्या कचेरीत लग्नाची नोंद करताना मला प्रश्न होते. तुझी आई कोण, आजी कोण, पणजी कोण, सगळ्या यहुदीच होत्या कशावरून? त्याला विचारलं फक्त नाव. दोन हजार वर्षं कोकणात शनिवारचा शब्बाथ पाळला आमच्या लोकांनी, आणि इथे येऊन आम्हीच उत्तरं द्यायची!

पहिल्या खेपेला उत्तरं पाठ होती. पण कचेरीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं मात्र, माझ्या कपाळाला धार लागली. त्यांनी टाक खाली ठेवला.

"खरं सांगणाऱ्याला घाम कशाला येईल?" ते म्हणाले आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

मी संतापून दवाखान्यात गेले. म्हातारे हंगेरियन डॉक्टर होते. माझ्या चेहऱ्याकडे इतका वेळ शांतपणे पाहणारं ते पहिलंच माणूस.

"तू घाबरतेस म्हणून घाम येत नाही," ते म्हणाले. "घाम येईल म्हणून तू घाबरतेस, आणि मग आणखी येतो. तुझ्या नसा घामाच्या ग्रंथींना उगाच हुकूम सोडत बसतात. हा आजार आहे, स्वभाव नाही."

त्यांनी तो हुकूम अडवणाऱ्या गोळ्या दिल्या. कचेरीत जाण्याआधी एकच घ्यायची, तोंड जरा कोरडं पडेल, उन्हात फार फिरायचं नाही.

"एकाने काय होतंय गं?" मावशी म्हणाली. "चांगल्या दोन घे."

डॉक्टरांनी सांगितलेला डोस हा आमच्या घरी नुसता घासाघिशीचा आरंभ असायचा. मी दोन घेतल्या.

बीरशेबाच्या कचेरीत पोचले तेव्हा चेहरा ठणठणीत कोरडा होता. मी खुशीत बसले.

"आईच्या आईचं नाव?"

मी तोंड उघडलं. जीभ टाळूला जी चिकटली ती सुटेचना. घशातून नुसता खरखर आवाज. समोरची अक्षरं पुसट झालेली. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि लिहिलं: आजीचं नाव माहीत नाही. जिच्या हातचा भात खाऊन मी वाढले, तिचं नाव मला माहीत नाही! बाहेर येऊन नळाला तोंड लावलं आणि रडायला लागले, तर डोळ्यांतही पाणी नाही. त्या मेल्या गोळ्यांनी रडणंही बंद केलं होतं.

घरी येताच मावशीवर बरसले. "तो नवस मागे घे आधी."

"नबींना दिलेला शब्द मागे घेतात काय गं?"

"मग बदल. माझा चेहरा राहू दे असाच. त्या माणसाने आजीचं नाव लिहून घेतलं की कर तुझा मलिदा."

तिसऱ्या खेपेला गोळी घेतली नाही. खांद्यावर टॉवेल टाकून गेले. प्रश्न यायच्या आतच धारा सुरू झाल्या.

"पुन्हा घाम," ते म्हणाले.

"आजार आहे. लिहा."

आजीचं नाव सांगितलं. तिचं गाव, तिच्या आईचं नाव, त्या आईच्या आईचं. त्यांच्या कागदावर टपटप थेंब पडत होते, शाई पसरत होती.

"पुरे," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत ना? मग ऐका." मी आणखी मागे गेले, आजीने शिकवलं होतं तिथपर्यंत. त्यांनी टीपकागदाने पान टिपलं आणि पुसलं गेलेलं आजीचं नाव पुन्हा लिहिलं.

परवानगी त्या दिवशी मिळाली नाही. त्यासाठी आमच्या लोकांना रस्त्यावर धरणं धरून बसावं लागलं, मला बरेच महिने थांबावं लागलं. पण मावशी थांबली नाही. त्याच आठवड्यात तिने सुक्या खोबऱ्याचा मलिदा केला. मी ताटासमोर बसून निथळत होते, आणि त्या दिवशी कुणीही मला पाणी पी म्हणालं नाही.