त्या दिवशी अंगात देव नव्हता

माझ्या पायाचे अंगठे चिंधीनं बांधून झाले होते. नाकात कापूस होता, ओठांवर तुळशीचं पान. सून सुरेखा मोबाइल धरून उभी होती. मला फक्त मेल्यासारखं पडून राहायचं होतं—आणि मी उठून बसले, केस सोडले आणि घुमायला लागले. अंगात खंडोबा आला असं दाखवलं.

आला नव्हता. हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. तुम्हाला सांगते.

आम्ही मूळचे पिशोरकडचे धनगर. मेंढरं विकून शहरात आलो त्यालाही आता वर्षं झाली. माझ्या अंगात वारं येतं. लग्नाआधीपासून येतं, आणि खरं येतं; हसायचं तर हसा. दत्तू, माझा एकुलता एक, लहानपणी त्या वेळी भंडाऱ्याची वाटी धरून माझ्यासमोर बसायचा. देव बोलला की दत्तूसाठी विषय संपला. मोठा झाल्यावरही तसंच. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं त्यावरच आलं.

दत्तू शेंद्र्याला कंपनीत कंत्राटावर होता. दर काही महिन्यांनी ब्रेक द्यायचे, परत घ्यायचे. कंटाळला. एका एजंटानं सांगितलं, रशियात गोदामात काम आहे, पगार चांगला. गेला. तिथं गेल्यावर पासपोर्ट काढून घेतला, न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेतली आणि अंगात फौजेचे कपडे चढवले. दुसऱ्याच्या देशात घुसायचं, दुसऱ्याची घरं पाडायची—त्याचं त्या लोकांशी काय भांडण होतं? पिशोरच्या पोराचं?

त्यानं फोनवर हे सांगितलं तेव्हा सुरेखा रडली. मी रडले नाही. मी काय केलं? पिशोरला दिराला फोन लावला आणि म्हटलं, दत्तू फौजेत लागला. पेढे वाटले हो मी!

का वाटले? तर टीव्हीवर रशियाचं राज्य चालवणारा तो बाबा मला आवडायचा. किती वर्षं तोच गादीवर. विरोधात बोलला की आत, नाहीतर वर. शेजारच्या देशात रणगाडे घातले आणि जगाला म्हणाला, करा काय करायचं ते. मी म्हणायचे, माणूस असावा तर असा. माझ्या घरात मीही तशीच होते, दुसरं काय? आणि माझ्या डोक्यात पक्कं होतं की जोरदार माणसाच्या बाजूचं पोर मरत नाही. मरतात ते समोरचे. चौथी शिकलेल्या बाईची अक्कल म्हणू नका—शिकलेले पण तेच म्हणत होते माझ्यासोबत.

मग दत्तूचा तो फोन आला. दोन दिवसांत त्यांना पुढं पाठवणार होते, लढाईच्या तोंडावर. म्हणाला, "माय, इथं एकाचा बाप वारला. व्हिडिओ दाखवला तर साहेबानं त्याला सुट्टी देली. तो तिथून आपल्या देशाच्या कचेरीत जाऊन बसला, सुटला. तू मेल्याचा व्हिडिओ पाठव. एवढं कर."

शेजारची नजमाबी लगेच तयार. तिनंच फुलं आणली, तिनंच घोंगडी फरशीवर अंथरली. मी आडवी झाले तर म्हणते, "आपा, जरा अच्छेसे मरो. हिलू नको. उठानेकू हम हैं ना."

"बांध घट्ट," मी म्हटलं, "नायतर तुझ्या अगुदर पळंन."

हसलो आम्ही. सुरेखासुद्धा हसली, किती दिवसांनी.

मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, हे आमच्यात सगळेच मानतात. म्हणजे भीती म्हणावी तर भीतीही नव्हती. मग? डोळे मिटले आणि मला दिराचं तोंड दिसलं. दत्तू परत येणार, सगळ्यांना कळणार, आणि दीर पारावर बसून म्हणणार—व्हय, आला की तुमचा फौजी, आईला मारून पळून आला. माझं पोर पळपुटं! पेढे वाटलेल्या तोंडानं मी हे ऐकायचं? एवढंच होतं. याच्याहून मोठं काही नव्हतं. मी खूप शोधलं, नाही सापडत.

"नको" असं सरळ म्हटलं असतं तर सुरेखा पाया पडली असती, नजमाबीनं भांडण काढलं असतं. म्हणून घुमले. देवाच्या आवाजात बोलले, "जित्या माणसाला कफन घालता? फेका ते!" सुरेखानं मोबाइल खाली ठेवला आणि हात जोडले. नजमाबीनं फुलं गोळा केली. देवापुढं कोण बोलणार? मला हे माहीत होतं. म्हणूनच केलं.

संध्याकाळी दत्तूचा फोन आला. सुरेखानं सांगितलं, आत्याच्या, म्हणजे माझ्या, अंगात आलं, देव नको म्हणतो. मी शेजारीच बसले होते. तिच्या हातातून फोन घेऊन खरं बोलायला किती वेळ लागला असता?

 दत्तू म्हणाला, "देव म्हणला असंल तर ऱ्हाऊ द्या. काहीतरी पाहूनच म्हणला असंल."

पुन्हा त्याचा आवाज नाही. काही महिन्यांनी त्याच्याबरोबरच्या एका पंजाबी पोराचा फोन आला. दत्तूला त्यानं पडताना पाहिलं. उचलायला कुणी थांबलं नाही. मग आम्ही कचेऱ्या झिजवल्या. एजंटाचा फोन बंद. इथले म्हणतात तिकडून उत्तर नाही, तिकडं तर विचारायचीच सोय नाही. तिथल्या आयांनी तोंड उघडलं तर त्यांनाही धरतात म्हणे, माझं कोण ऐकतो? टीव्हीवर तो बाबा अजून तसाच टेबलाशी बसलेला असतो. मी चॅनल बदलते. त्याला त्याचं काय?

दर रविवारी सुरेखा भंडारा घेऊन माझ्यासमोर बसते. विचारते, "देवा, एवढं सांगा, ते कुठं पडलेत?" मी म्हणते, वारं येत नाही आता. हे खरं आहे, त्या दिवसापासून आलेलं नाही. तिला वाटतं तिचंच काही चुकलं. ती उपास करते. मी जेवते.

मरायचं सोंग मला करायचं होतं. दत्तू मेला. मी जिवंत आहे.