कोथरूडहून समुद्राकडे, एका रिळासह

समुद्रातल्या मासेमारीचं रीळ निवडायचं तर आधी हाताला थोडी सवय हवी, असं ठरवून मी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेलो. ऑफिसातल्या एका गोव्याच्या सहकाऱ्यानं आपली काठी, तिच्यावर बसवलेल्या दोरा गुंडाळायच्या रिळासकट, वापरायला दिली होती. दोऱ्याच्या टोकाला जिग होता (माशाच्या आकाराचा, चकचकीत, जड धातूचा तुकडा, आमिष म्हणून हाच लांब फेकायचा आणि भराभर ओढून घ्यायचा). त्याचा गळ काढून ठेवायचं तेवढं राहिलं. जिग अतिशय देखणा उडाला आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला देवधर काकूंनी वाळत घातलेल्या गोधडीत रुतला. मी जोर लावून ओढायला लागलो. काकू बादली घेऊन माझ्या मागेच उभ्या होत्या.

"ओढू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. "लहान आहे अजून. सोडून द्या."

गोधडी सुटली, तिला पडलेलं भोक वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, शिवून दिलं. पण संध्याकाळपर्यंत माझा खांदा ठणकायला लागला. सहकाऱ्याचं रीळ होतं चांगलं, पण जड. आणि रीळ घ्यायचं होतं ते खांद्याच्याच कारणानं.

वैशालीचे वडील, आमचे आबा, श्रीवर्धनच्या पुढे एका गावात राहतात. निवृत्त झाल्यापासून भरतीची वेळ साधून खडपावर (किनाऱ्यावरच्या काळ्या कातळावर) जायचं आणि जिग फेकायचा, हा त्यांचा दिनक्रम. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ते पडवीत बसून होते. आता त्यांनी वैशालीला कळवलं होतं की दिवाळीपर्यंत वाट बघतो, नाहीतर काठी पुतण्याला देऊन टाकतो. काठी देऊन टाकायची म्हणजे पडवीतून पुन्हा उठायचं नाही, हे तिला न सांगता समजलं. तिनं मला दोन गोष्टी बजावल्या: हलकं रीळ घेऊन तुम्हीच जा, आणि मुलाच्या क्लासची फी भरून जे उरेल त्यातच बसवा. ती येऊ शकत नव्हती, त्याची परीक्षा तोंडावर होती.

मी मूळचा यवतमाळकडचा. समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून भेटलेला. पण वीस वर्षं हिंजवडीत काढलेल्या माणसाला कुठल्याही वस्तूची तुलना करता येते, असा त्याचा स्वतःचा समज असतो. आठवडाभर वाचन करून मी कॅम्पातल्या एका दुकानात दाखल झालो. कोणत्या पाण्यात वापरणार, असं मालकांनी विचारलं. मी समुद्रात म्हटल्यावर त्यांनी रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मग आपण बरेच लवकर थांबलात."

त्यांनी तीन रिळं काचेवर मांडली. पहिलं सोनेरी, खोक्यावर बेअरिंगांचा आकडा एवढा मोठा की रिळाचं नाव शोधावं लागत होतं. हे मी ताबडतोब बाजूला सारलं. स्वस्तातल्या रिळात बेअरिंगं जास्त म्हणजे खाऱ्या पाण्याला गंजवायला जागा जास्त. दुसरं मजबूत, पण सहकाऱ्याच्या रिळाचं सख्खं भावंड. उचलताक्षणी खांद्यानं ओळख दिली. तिसरं मधल्या आकाराचं, करडं, दिसायला अगदी सरकारी. पण त्याचं अंग घट्ट होतं, पिळून पाहिलं तरी कुरकुरत नव्हतं. ड्रॅग (मासा जोर करू लागला की दोरा बेताबेतानं सोडणारा ब्रेक) पाणी आत शिरू नये असा बंदिस्त होता आणि दोरा ओढला की धक्का न देता सुटत होता. शिवाय हँडलच्या एका फेऱ्यात ते पुष्कळ दोरा गुंडाळायचं. म्हणजे जिग पळवायला काठीला सारखे हिसके द्यायला नकोत, नुसतं भराभर फिरवलं तरी चालेल, आणि खांदा वाचेल. हे सगळं मी मालकांना समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि बिल करू का, असं विचारलं. पैशात बसत होतं. मी करा म्हणालो.

शनिवारी पहाटे निघालो. चांदणी चौक मागे टाकला, पौडच्या अलीकडे चहाला थांबलो. सरावाची काठी आबांना दाखवायला बरोबर घेतली होती. ती दोन तुकड्यांची असूनही गाडीच्या खिडकीतून हातभर बाहेर आली होती. टपरीवरच्या मावशींनी ती निरखून पाहिली आणि विचारलं, "रेडिओचं हाय का?" मी मासे धरायचं म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी मला निरखून पाहिलं आणि चहात साखर जरा जास्त घातली.

मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहिलं. ताम्हिणीत कारवीची झुडपं अजून हिरवीगार होती आणि प्रत्येक वळणावर रिळाचं खोकं मागच्या सीटवरून खाली पडत होतं. तिसऱ्यांदा पडल्यावर मी ते पुढे घेऊन त्याला सीटबेल्ट लावला. घाट उतरल्यावर हवा एकदम अंगाला चिकटायला लागली. माणगावात मिसळ खाल्ली. रस्सा असा तिखट की श्रीवर्धनपर्यंतचं अंतर जाणवलंच नाही.

आबा पडवीतच होते. सासूबाईंनी आंबोळ्या आणि बांगड्याचं तिखलं (दाट, तिखट रस्सा) वाढलं. जेवण होईपर्यंत रिळाचा विषय कुणीच काढला नाही. मग मी खोकं पुढे ठेवलं आणि व्याख्यान सुरू केलं: वजन, अंग, ड्रॅग, खारं पाणी. आबांनी रीळ हातात घेऊन उलटसुलट केलं, दोरा दोनदा ओढून पाहिला. माझं संपेपर्यंत थांबले आणि एकच प्रश्न विचारला.

"हँडल या बाजूला लागतं का?"

म्हणजे उजवीकडे. माझ्या वाचनात सगळे उजव्या हातानं काठी धरत होते आणि डाव्या हातानं रीळ फिरवत होते. हँडल कुठल्या बाजूला असावं, हा प्रश्न मला आठवडाभरात एकदाही पडला नव्हता. मी मोठ्या आत्मविश्वासानं "लागतं की" म्हणालो, रीळ त्यांच्या हातून घेतलं आणि खोक्यातला कागद शोधायचं निमित्त करून पाठ फिरवून ते खरंच लागतं का बघायला लागलो. दुसऱ्या बाजूला एक टोपण होतं. ते फिरवलं, निघालं. हँडल सोडवून तिथून घातलं, बसलं. मी घाम पुसला.

सासूबाईंना मात्र राहवलं नाही. त्यांनी सांगून टाकलं की हे पावसाळाभर वाडीत (नारळी-पोफळीच्या बागेत) डाव्या हातानं सुतळीला बांधलेला दगड फेकत होते. दोन कौलं फोडली, शेजाऱ्यांची म्हैस थोडक्यात वाचली.

"जुन्याचं हँडल डाव्या बाजूलाच गंजून बसलंय," आबा खाली बघत म्हणाले. "हात शिकला, पण ते काही वळेना."

नवीन का घेतलं नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले की आधी दगड नीट जाऊ दे म्हटलं, उगाच सगळ्यांना कशाला सांगायचं.

संध्याकाळी भरतीला आम्ही खडपावर गेलो. आबांनी नवं रीळ लावलेली आपली काठी डाव्या हातात घेतली. पहिला जिग समोरच्याच कातळावर आपटला. दुसरा उंच गेला आणि पायाशी पडला. मी समुद्राकडे बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. सल्ला मात्र तोंडावर आला होता, तो दातांनी धरून ठेवला. तिसऱ्यानंतर ते जरा थांबले, पायांची अदलाबदल करून उभे राहिले, उजवा पुढे, डावा मागे. यावेळी दोरा सरसरत गेला, बराच वेळ गेला, आणि लांब पाण्यात एक बारीकसा पांढरा ठिपका उठला.

आबा उजव्या हातानं भराभर फिरवू लागले. पाचसहा फेऱ्या झाल्या असतील, तोच काठी वाकली आणि ड्रॅग करकरायला लागला. दोरा मोजून मापून सुटत होता, दुकानात सुटला होता अगदी तसाच. मी ओढा म्हणालो. ते गप्प राहा म्हणाले. टोळ होता (चोचीसारख्या लांब तोंडाचा मासा). पाण्याबाहेर एकदा चांदीसारखा उसळला आणि गळ झटकून निघून गेला. मला हळहळ वाटली. आबा आधीच पुढचा जिग फेकायच्या तयारीत होते.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो. घरी मासा एकही आला नाही. सासूबाईंनी काही न विचारता अंड्याचं कालवण टाकलं. आबांनी रीळ दगडी डोणीपाशी (पाण्याच्या कुंडीपाशी) नेलं, ड्रॅग घट्ट आवळला, वरून हलक्या हातानं गोडं पाणी सोडलं आणि पंच्यानं पुसून ते पडवीत वाळत ठेवलं. पुतण्याचं नाव त्या रात्री निघालं नाही.

रविवारी जेवून निघालो. घाट चढताना माझ्या मनात येत होतं की मी हे रीळ निवडलं ते अगदी बरोबर, पण ज्या कारणांसाठी निवडलं ती सगळी दुय्यम निघाली. मी एका दुखऱ्या खांद्यासाठी हलकं काहीतरी शोधत होतो. आबा त्या खांद्याला केव्हाच रजा देऊन दुसऱ्या हाताला कामाला लावून बसले होते. तरीही पुढच्या वेळी कुणाला रीळ घ्यायचं असेल तर त्यानं मला जरूर विचारावं. हँडलचा मुद्दा आता मी सुरुवातीलाच घेतो.

कोथरूडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. वैशालीनं दार उघडलं. चेहरा वेगळाच दिसत होता, म्हणून मी आबांशी बोललीस का असं विचारलं.

"बोलले कुठे?" ती म्हणाली. "वर्षभर रोज तेच फोन करायचे, भाजी काय केलीस, वरण काय केलंस, अर्धा अर्धा तास. आज मी केला, तर म्हणाले, नंतर कर गं, भरती होतेय. आणि ठेवूनच दिला, अहो."