फोनो प्रीअँप, काकू आणि एक ‘ख’

रविवारी हैदराबादेत, आमच्या चिक्कडपल्लीच्या घरी परीक्षा होती... दोन डब्यांची!

टर्नटेबलची सुई रेकॉर्डवरून जो आवाज उचलते, तो फार म्हणजे फारच बारीक असतो. ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधी त्याला मोठा करणारा डबा म्हणजे फोनो प्रीअँप. माझा जुना झाला होता, म्हणून दुकानदाराने दोन नवे घरी ऐकायला दिले होते... एक व्हॉल्व्हवाला, एक ट्रान्झिस्टरवाला.

माझा नवरा पुण्याचा, आयटीतला. मी जन्माची हैदराबादी, त्यामुळे ‘बाकी’ला ‘बाखी’ म्हणते आणि तो लग्न झाल्यापासून ते सुधारतोय. त्याचं मत पाच मिनिटांत ठरलं... व्हॉल्व्हवाला! आवाज खरंच गोड होता, बासुंदीसारखा. दुसरा त्यापुढे अगदी कोरडा, वर रेकॉर्डची चरचरही इमानदारीत ऐकवणारा. एवढं भारी टर्नटेबल घेऊन चरचर ऐकायची का, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.

पण मला गोड आवाज नकोच होता. मला आई हवी होती.

सांगते. मी दीड वर्षाची असताना आई गेली. फोटो आहेत, साड्या आहेत, आवाज नाही. म्हणजे आहे तो एवढाच... आमच्या मराठी मंडळाने तेव्हा हौसेने स्वतःच्या गाण्याची एक छोटी रेकॉर्ड काढली होती. त्यात कोरसला सहा बायका, त्यांतली एक आई. पण सहाही जणी अशा एकजीव गातात की कोणती कोण, काही म्हणजे काही कळत नाही.

लोकांना वाटतं हिला सिस्टिमचं वेड आहे. वेड कसलं डोंबलाचं... घरात नवीन काहीही आलं की आधी तीच रेकॉर्ड लावायची आणि मनात म्हणायचं, या वेळी तरी सापड गं.

जामबागहून काकूला मुद्दाम बोलावलं होतं. मला वाढवलं तिनेच. ती साताऱ्याहून सून होऊन आलेली, आणि त्या सहांपैकी एक. पण आईचा आवाज वेगळा काढून दाखवणं तिलाही कधी जमलं नव्हतं. गाण्याच्या मास्तरांनी आम्हा सगळ्यांना एकाच तव्यावर भाजलं होतं, एवढंच म्हणायची.

आधी गोड डबा लावला. सहाही जणी एकमेकींत विरघळून गेल्या. मग कोरडा. काकू लगेच कुरकुरली, गाणं ऐकवतेस की पापड तळतेस? वैतागून मी डबा चाचपला, तर पुढेच एक छोटं बटण... ‘मोनो’. अरे हौ! आमची रेकॉर्ड मोनोच आहे की, दोन्ही स्पीकरना एकच आवाज! जुन्या डब्याला हे बटण नव्हतंच, म्हणून कधी सुचलंही नव्हतं. दाबलं आणि चरचर एकदम खाली बसली.

सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. ध्रुवपदाच्या शेवटी ‘कबूल’ हा शब्द येतो. बायका म्हणाल्या, ‘कबूल’. आणि त्यांच्यामधून एक बारीक, जरा घाईतला आवाज म्हणाला... ‘खबूल’.

हा ‘ख’ तर माझ्याच तोंडातला!

काकूने हातातली बशी खाली ठेवली. मग हळूहळू तिला आठवायला लागलं. बाकी सगळ्या महाराष्ट्रातून आलेल्या सुना, आई एकटीच इथल्या गल्ल्यांत वाढलेली. मास्तर त्या शब्दावर तिला सारखं थांबवायचे. तालमीत नीट म्हणायची, पण रेकॉर्डिंगच्या दिवशी रंगात आली आणि घसरली.

“तीच गं ती,” काकू म्हणाली. “तुझी आई.”

मग ती ओळ किती वेळा ऐकली ते विचारू नका. रडले, हसले, परत रडले.

शेवटी नवऱ्याला विचारलं, कोरडा डबा ठेवू ना? इतकी वर्षं माझं मराठी सुधारणारा हा माणूस चष्मा पुसत म्हणाला, “खबूल.”

आई एका अक्षरापुरती भेटली. बाखी काही नको... असं म्हणते खरं, पण रोज ऑफिसातून आले की आधी सुई ठेवते. ‘ख’ येतो आणि जातो. पुढच्या ओळीतही ती आहेच की... तिथे अजून शोधतेय.