तांड्याचा माणूस

बियाण्यांच्या कंपनीच्या वाशिम ऑफिसात किशन आडेला टेबल नव्हतं. पुसद नाक्याजवळच्या त्या पहिल्या मजल्यावर तो आला की दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकायचा, मोबाईलवर रिपोर्ट भरायचा, चहा घ्यायचा आणि निघायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. फिरतीचा माणूस, त्याला टेबल कशाला? मानोरा आणि कारंजा तालुक्यांतले बंजारा तांडे त्याच्याकडे होते. ऑफिसात त्या भागाला ‘तांडा बेल्ट’ म्हणायचे आणि किशनला ‘तांड्याचा माणूस’.

पहिली दोन-तीन वर्षं त्याला हे नाव आवडलं होतं. त्याच्या आधी कंपनीची माणसं हिवाळ्यात तांड्यावर मेळावा घ्यायची, कुलपं लागलेल्या घरांपुढे फोटो काढायची आणि ‘प्रतिसाद अल्प’ असं लिहून मोकळी व्हायची. किशनचे आईबाप, चंदाबाई आणि खेमा, अर्धं आयुष्य दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आले होते. तांडा कधी रिकामा होतो आणि कधी भरतो, हे त्याला कृषी पदवीच्या पुस्तकात वाचावं लागलं नाही. त्यानं मेळावे होळीनंतर घ्यायला सुरुवात केली. कोणाच्याही बाजेवर बसून बायांशी गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, बोलायचा, ओल्या बारदान्यात सोयाबीनचे दाणे गुंडाळून चार दिवसांनी त्यांच्याच हातानं उघडायला लावायचा. किती उगवले, किती सडले, सगळ्यांसमोर. बियाणं खपू लागलं. इतकं खपलं, की तांडा बेल्ट साऱ्या विभागात वर आला आणि किशन त्यात रुतून बसला.

रुतलो आहोत हे त्याला कळलं ते मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा. जुने मॅनेजर नागपूरला गेले. किशननं अर्ज केला. हुद्द्यापेक्षा त्याला काम हवं होतं: कोणत्या रानात कोणतं वाण, कुठल्या गावात चाचणीचा प्लॉट, हे ठरवायचं काम. दुसऱ्यांनी ठरवलेल्या पिशव्या तो आजवर विकत आला होता. शिवाय पोरगी पहिलीत जाणार होती. त्याची बायको निता एका रविवारी वाशिमला जाऊन खोली बघूनही आली.

“लहान हाय,” ती म्हणाली, “पन नळ घरातच हाय. आन् मालकीण बोलायले बरी वाटली. आडनाव इचारलं, पन मंग गप्प नाही झाली.”

विभागाचे साहेब हरीओम सर रिठदचे. माणूस मनानं वाईट नव्हता. पोरीच्या बारशाला तांड्यावर येऊन पोटभर जेवून गेला होता. त्यांनी किशनला समोर बसवलं.

“तुह्याबद्दल मी वरती चांगलंच लिहिलं. पन तू इथी बसला तं तांडे कोन पाहीन, सांग बरं?”

“मी नवा पोरगा तयार करून देतो सर.”

“अन् तो तयार होईस्तोवर? तू तिकडचा राजा हायेस लेका. इथी येऊन खर्डेघाशी करतं का?”

“मंग गोलू?”

गोलू म्हणजे केनवडचा पोरगा. किशननंतर लागलेला, किशनच्याच गाडीवर मागे बसून काम शिकलेला. जागा त्याला मिळणार हे ऑफिसातल्या झाडूवालीलाही माहीत होतं.

“गोलूची गोष्ट अलग हाय,” हरीओम सर म्हणाले. “मॅनेजरचं काम म्हंजे डीलरची मर्जी सांभाळनं. हे दुकानदार कोन हायेत, तुले मालूम हाय. त्यायले आपल्यातला माणूस लागते.”

हे बोलून त्यांनी दोन चहा सांगितले. आपण लागेल असं काही बोललो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. किशननं चहा प्याला.

खाली टपरीवर गोलू उभाच होता. “भाऊ, राग नोको मानू. मी मागतली नोयती जागा.”

“मालूम हाय.”

“मले तं पिकाच्या रोगायचे नावंही पुरे येत नाहीत अजून. फोन केला तं उचलजो बरं.”

“उचलीन ना. तू साहेब झाला आता.”

“हे असं नोको बोलू यार,” गोलू म्हणाला. खरंच ओशाळला होता. पण जागा त्यानं घेतली. कोणीही घेतली असती.

त्या रात्री निता भाकरी टाकता टाकता म्हणाली, “एक हंगाम माल विकूच नोका. पाहू द्या त्यायले.”

“मंग म्हनतीन, तांड्याचाच होता, किती दिवस टिकन. चांगलं केलं तं तांड्यात ठेवतात, वाईट केलं तं घरी बसवतात.”

“मंग करता काय?”

त्यानं भाकरी घेतली.

उत्तर पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आल्यासारखं वाटलं. कंपनीनं समान संधीचं नवं खातं काढलं होतं आणि त्याच्या प्रमुख वैजयंती मॅडम प्रत्येक विभागात बैठक घेत होत्या. वाशिमला त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली आणि मग विचारलं, “इथे कोणाला जातीवरून, भाषेवरून वेगळं वागवलं जातं असं वाटतं का?”

“आमच्या इथी तसं काईच नाही मॅडम,” हरीओम सर हसून म्हणाले. “पाह्यजे तं किशनले विचारा. एका ताटात जेवतो आमी.”

सगळे किशनकडे बघायला लागले. किशनही हसला. दुसरं करणार काय? पण मॅडमच्या नजरेतून ते हसू सुटलं नाही. बैठक संपल्यावर त्यांनी त्याला एकट्याला बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “आता सांगा.”

इतक्या वर्षांत कोणी असं दार लावून ऐकलं नव्हतं. किशन बोलत गेला. “मॅडम, मी तांड्यातला म्हणून मला तांड्यात पाठवलं, त्याचं काही नाही. पण तिथं काम चांगलं केलं म्हणून तिथंच ठेवलं. मी शिकवलेला पोरगा माझा साहेब झाला. तांड्यात जे काम मी करतो, त्याला इथं कोणी शेतीचं ज्ञान म्हणत नाही. म्हणतात, याची भाषा आहे, याला काय अवघड.”

मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “हे वर जायलाच हवं. मी नेते.”

परतताना किशन मंगरूळपीरला थांबून पोरीसाठी पेरू घेऊन आला. नितानं मालकिणीला फोन करून खोली महिनाभर कोणाला देऊ नका म्हणून सांगितलं. चंदाबाईनं विचारलं, “बाई चांगली हाय का?” किशन म्हणाला, “हाव याडी. चांगली हाय.” आणि ती खरंच चांगली होती.

पेरणीच्या आधी सगळ्या विभागांची एकत्र बैठक पडद्यावर झाली. वैजयंती मॅडम पुण्याहून बोलत होत्या. कंपनीनं एक नवीन पद निर्माण केलं आहे, त्या म्हणाल्या: तांडा संपर्क प्रमुख. वाशिमसोबत पुसद, दिग्रसकडचेही तांडे त्यात येतील. हाताखाली दोन माणसं, तीही तांड्यातलीच. “आणि या पदावर पहिली नेमणूक आहे किशन आडे यांची.”

टाळ्या झाल्या. गोलूनं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

किशननं माईक सुरू केला. “मॅडम, धन्यवाद. पण मी वाशिमच्या जागेबद्दल...”

“किशन, मी तुमचं म्हणणं जसंच्या तसं वर मांडलं,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. “तांड्याच्या कामाला कंपनीत किंमत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. आता ती आहे. ही लढाई सोपी नव्हती बरं का.”

पडद्यावर चाळीस चेहरे हसत होते. किशननं माईक बंद केला.

नंतर तो हरीओम सरांकडे गेला. “सर, नाही म्हनता येईन का?”

सर चकित झाले. “नाही म्हनतं? अबे, तुह्यासाठी ती बाई पुण्यात भांडली. आता नाही म्हटलं तं पुन्हा कोन बोलन तुह्या बाजूनं? म्हनतीन, यायले देलं तरी रडतात, नाही देलं तरी रडतात.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “अन् वाशिमचं आता मनातून काढून टाक. आधी माह्या हातात होतं, कधी ना कधी केलं असतं. आता वरून कागद आला. तांड्याचं पद तांड्याच्या माणसालेच. तुले हलवलं तं मलेच जाब द्या लागन.”

आधी ती एका साहेबाची सोय होती. आता ते कंपनीचं धोरण झालं होतं, आणि ते करवून घेणारा किशनच होता. भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.

घरी नितानं मालकिणीला फोन लावला, “नाही जमत ताई, दुसऱ्याले देऊन टाका,” म्हणाली आणि भांडी घासायला बाहेर गेली.

आठवड्यानं तिचा धाकटा भाऊ अमरसिंग आला. तोही कृषी पदवीवाला. निकालापासून घरी होता, आणि आईबापासोबत कोयता घेऊन जायचं का, हे दिवाळीआधी ठरवायचं होतं. किशनच्या हाताखालच्या दोन जागांची बातमी तांड्यात पसरली होती.

“भाऊजी, मले घेसान ना?”

किशनला म्हणायचं होतं, पुण्याला जा, नागपूरला जा, कुठंही जा, जिथं तुझं गाव विचारून काम देणार नाहीत. पण तसं ठिकाण त्याला माहीत नव्हतं. ऊसतोड माहीत होती. तो म्हणाला, “घेतो.”

दुसऱ्या दिवशी त्यानं अमरसिंगला मागे बसवून गाडी मानोऱ्याच्या रस्त्याला लावली. पोरगा नवा शर्ट घालून आला होता आणि वाटेत बडबडत होता. मातीचे प्रकार, नवं वाण, त्यानं कॉलेजात केलेला प्रकल्प. तांड्याच्या वळणावर गाडी हळू झाली तेव्हा त्यानं विचारलं, “भाऊजी, इथी चांगलं काम केलं, तं मंग वाशिमच्या हाफिसात जाता येते ना?”

समोरून बकऱ्या येत होत्या. किशननं ब्रेक दाबून त्या जाऊ दिल्या.

“येते,” तो म्हणाला.