हजार पॉइंटची पैज

१६ मे २००४, रविवार. सकाळी साडेआठला मी गच्चीवर मिरच्यांची देठं काढत बसले होते. वर्षाची चटणी त्याच आठवड्यात उरकायची ठरवली होती, कारण जूनमध्ये मला वेळ मिळणार नव्हता. जूनमध्ये पुण्याला जायचं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला आईची किडनी बसवणार होते. तपासण्या झाल्या होत्या, जुळलं होतं, तारीख तेवढी मिळायची होती. तोवर बहिणीला टिकवायची, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. ते मी नीट करतेय असं मला वाटत होतं.

बहीण जिन्याच्या तोंडाशी, सावलीत बसली होती. हातात माझा मोबाईल.

"अक्का, आता माझ्याशी बोलू नको."

"मी कुठं बोलतेय?"

"देठं पण हळू मोड. नऊशे ऐंशी झाल्यात."

मोबाईलवर सापाचा गेम होता. तेव्हाच्या साध्या फोनवर असायचाच. एक काळी रेघ, तीच साप. समोर आलेला ठिपका खाल्ला की पॉइंट मिळतात आणि साप लांब होतो. लांब झाला की वळायला जागा उरत नाही, आणि स्वतःच्याच अंगावर आपटला की संपला. मला त्यात काही दम वाटत नव्हता. बहीण म्हणायची, "लई खरा गेम हाय. बाहेरचं कोण मारत न्हाय त्याला. आपलंच आपल्याला आडवं येतंय."

ती सत्तावीस वर्षांची होती. हातकणंगल्याजवळ आमच्या गावात बालवाडीवर शिकवायची. मागल्या दिवाळीत तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी येणं-जाणं झेपेना म्हणून मी तिला कोल्हापुरात माझ्या घरी आणलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. त्या दोन दिवशी अर्धी रजा टाकायची, तिला घरी सोडून दुपारी कामावर जायचं.

गेमचं वेड तिला लहानपणापासूनचं. माझं नुकतंच लग्न झालं होतं, ब्याण्णव सालची गोष्ट, आणि ती मे महिन्याच्या सुट्टीला माझ्याकडे आली होती. आमच्या गल्लीत एकजण टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तासावर खेळायला द्यायचा. प्लास्टिकची बंदूक, पडद्यावर उडणारी बदकं. सगळी पोरं रांगेत, आणि त्यांच्यात ही पंधरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. तो मालक म्हणाला, "पोरींचा गेम न्हाय ह्यो." ही म्हणाली, "बदकाला काय कळतंय, गोळी पोरानं मारली का पोरीनं?" रांग हसली आणि तिचा नंबर लागला. सासूबाईंनी मला ऐकवलं. मी तिला घरी आणून दोन धपाटे घातले. दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

डायलिसिसच्या खोलीत चार खाटा होत्या. ज्या हातात सुया असतात तो चार तास हलवायचा नाही. उरला एक हात. सुयांचं दुखणं लोक सोसतात, तहान सोसत नाही. किडनी बंद म्हटल्यावर प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं, पाय सुजतात, मग छातीत चढतं. म्हणून बहिणीला दिवसाला साडेसातशे मिली पाणी सांगितलं होतं, चहा आणि आमटीचं पाणी धरून. मी एका पारदर्शक बाटलीवर स्टोअरमधल्या मार्करनं खुणा केल्या होत्या. सकाळी भरायची, संपली की संपली. ती भांडायची, रडायची, एकदा तिनं बाटली फेकूनही मारली. सांडलेलं पाणी मी त्या दिवसातून वजा केलं. मी तशीच आहे. कारखान्यात नट-बोल्ट मोजून देणाऱ्या बाईकडून वेगळी अपेक्षा करू नये.

एका शुक्रवारी तिला गप्प करायला म्हणून मी मोबाईल दिला. चार तासांत तिनं एकदाही पाणी मागितलं नाही. तेव्हापासून मोबाईल तिचाच झाला. मी फोन करण्यापुरता मागून घ्यायचे.

तिचं बघून शेजारच्या खाटांवरही खेळ सुरू झाला. पलीकडे शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत साचे भरणारा मोल्डर होता, चाळिशीचा. त्याच्याकडे वरून विटा पडतात तो हातातला छोटा गेम होता. खिडकीशी एक चाचा होते, बागवान, तीन पिढ्यांचा फळांचा धंदा. त्यांना मुलानं गाडीचा गेम आणून दिला होता. सुया टोचून झाल्या की बहीण शाळा भरल्यासारखी हजेरी घ्यायची.

"हां, सध्या कोण काय खेळतंय? कसा वाटला, सांगा."

"विटाच," मोल्डर म्हणायचा. "बरा हाय, पण वरनं पडायचं थांबतच न्हाय. आमच्या कंपनीसारखंच की. सायेब वरनं टाकतोय, आमी खाली लावतोय. लावलेली वळ गायब करतोय आनि परत टाकतोय."

"चाचा?"

"बेटी, या गाडीला ब्रेकच न्हाय बघ. ज्यानं बनवली त्याला लायसन कुणी दिलं?"

"आणि ओ अक्का, तुमी?" ती मुद्दाम अहोजाहो करून मला विचारायची.

"मी तुम्हाला सांभाळायचा गेम खेळते," मी म्हणायचे. "त्यात पॉइंट मिळत नाहीत."

मोल्डरनं एकदा माझा मोबाईल मागून घेतला आणि पहिल्याच दमात नऊशे चाळीस केले. बहिणीचा उच्चांक सातशेच्या आसपास होता. तिनं तोंड एवढंसं केलं. तो म्हणाला, "बालवाडीच्या बाई, तुमी आदी शंभरपतोर पाढं म्हना." त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. जेवताना खेळायची, केस विंचरून घेताना खेळायची. शनिवारी मला म्हणाली, "अक्का, पैज लाव."

"कसली?"

"हजार झालं तर एक दिवस माझं सगळं पाणी शहाळ्याचं. साधं पाणी थेंबभर मागणार न्हाय."

मी विचार केला. तिला मीठ कमी आणि पाणी मोजून, हे मला पाठ होतं. फळं बंद, हेही पाठ होतं. घरात केळं आणलं नव्हतं, आंब्याचे दिवस असून पेटी आणली नव्हती. शहाळं मी फळात धरलं नाही. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बघायला येणारा शहाळं घेऊन येतो. ताप असो, कावीळ असो, बाळंतीण असो, पोटात काही ठरत नसलं तरी शहाळं ठरतं. ते पाणीच. आणि पाण्याचा हिशेब माझ्याकडे चोख होता.

"मापात दिलं तर चालेल," मी म्हणाले. "साडेसातशेच्या वर एक थेंब नाही."

"आदी हजार तर होऊ दे."

रविवारी ते झाले. तिनं गच्चीवर अशी किंकाळी मारली की समोरच्या घरातली बाई बाहेर आली. एक हजार सतरा. तिनं मला मिरच्यांच्या हातांसकट मिठी मारली आणि मग दोघींचे डोळे चुरचुरायला लागले. "मंगळवारी त्या मोल्डरचं तोंड बघायचं हाय मला," ती म्हणाली. "पाढं म्हणायला लावतोय काय."

मी हात धुऊन कोपऱ्यावरून तीन शहाळी आणली. बाटलीत ओतून खुणेपर्यंत भरली. तिसऱ्यातलं थोडं उरलं ते मी प्याले, तिच्या मापात जाऊ नये म्हणून. तिनं बाटली दिवसभर पुरवली. एकेक घोट तोंडात धरून बसायची. दुपारी मला म्हणाली, "अक्का, गोड लागतंय गं." मग म्हणाली, "ऑपरेशन झाल्यावर मी पयल्यांदा एक तांब्या पाणी पिणार. उभ्यानं. तुझ्यासमोर. आनि तू मोजायचं न्हाय."

"नाही मोजणार."

सोमवारी सकाळी सहाला ती उठून बसली आणि म्हणाली, पाय उचलत नाहीत. दुखत नव्हते, नुसतेच उचलत नव्हते. मला वाटलं उन्हाचा अशक्तपणा. अर्ध्या तासानं हातही जड झाले, तेव्हा मी रिक्षा आणली. नवऱ्यानं आणि मी तिला उचलून बसवलं. वाटेत ती बोलत होती. "उद्याचा नंबर आजच लागतोय वाटतं," असं काहीतरी म्हणाली. डायलिसिसच्याच दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, ठोक्यांची पट्टी निघाली, ती बघून डॉक्टर धावायला लागले. इंजेक्शनं दिली. मशीन सुरू करायला पलीकडच्या खोलीत नेत होते तेव्हा तिचं हृदय थांबलं. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. मी भिंतीला टेकून उभी होते.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं होतं? केळं? टोमॅटो? शहाळं?"

"शहाळं," मी म्हणाले.

"किती?"

"साडेसातशे मिली."

मग त्यांनी सांगितलं की शहाळ्यात पोटॅशियम असतं, किडनी बंद असली की ते रक्तात चढतं आणि हृदय थांबवतं. शुक्रवार ते मंगळवार हे अंतर तसंही वाईट असतं, इतर कारणंही असू शकतात, असंही म्हणाले. ते माझ्यासाठी म्हणाले, एवढं मला कळलं. पहिल्या आठवड्यात आम्हाला खाण्यापिण्याचा छापील कागद मिळाला होता. इंग्रजीत. तो मी तपासण्यांच्या फायलीत नीट लावून ठेवला होता. घरी आल्यावर काढून बघितला. शहाळ्याचं इंग्रजी नाव मला वाचता येत होतं. ते दुसऱ्या ओळीत होतं.

दुपारपर्यंत आई गावाहून आली. संध्याकाळी सगळं उरकून माणसं पांगली तेव्हा ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढे बसून जे झालं ते सांगितलं, काही वगळलं नाही. पैज, तीन शहाळी, बाटली, कागद. जिची किडनी पोरीला जाणार होती तिला ते ऐकायचा हक्क होता. मला वाटलं होतं ती मला मारेल. मारावं असंही वाटत होतं.

तिनं एवढंच विचारलं, "पिऊन बरं वाटलं काय गं तिला?"

"व्हय."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं पदर तोंडावर ओढला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी सहाला उठून आंघोळ केली आणि फाईल पिशवीत घातली. आई म्हणाली, "सुतकात कुठं निघालीस? लोक काय म्हणतील?"

"तिचा नंबर मोकळा झालाय," मी म्हणाले. "सांगितलं नाही तर मशीन चार तास रिकामं राहील. कितीजण थांबलेत बाहेर."

पण मशीनवाल्यांना आधीच कळलं होतं. तिच्या खाटेवर दुसरी बाई होती, राधानगरीकडची, पहिलाच दिवस. तिचा नवरा पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभा होता. मोल्डरला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. मला बघून तो म्हणाला, "आज बाईंना दुसरीकडं टाकलं व्हय? झालं का हजार?"

"एक हजार सतरा," मी म्हणाले. मग बाकीचं सांगितलं.

त्याच्या हातातला गेम चालूच होता, विटा पडत होत्या. त्यानं तो बंद केला नाही, खेळलाही नाही. चाचांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तसेच म्हणाले, "मला इचारायचंस की बेटी. मी फळवाला. मला समदं ठाऊक होतं." मी म्हणाले, "ते फळ आहे असं वाटलं असतं तर विचारलं असतं, चाचा."

टोपीवाला माझ्याजवळ आला. त्याला वाटलं मी तिथं कामाला आहे. "बाई, पानी कमी द्या म्हंत्यात. मग तहान लागली तर हिला काय द्यायचं ओ?"

मी फायलीतून तो इंग्रजी कागद काढला. मशीन बघणाऱ्या मुलीला म्हटलं, एकेक नाव सावकाश वाच आणि मराठीत काय म्हणतात ते सांग. तिच्याकडून कोरा पुठ्ठा घेतला आणि स्टूलावर बसून मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. सर्वात वर शहाळं लिहिलं, त्याच्याखाली केळं, टोमॅटो, बटाटा, सुका मेवा, फळांचे रस. अडल्या ठिकाणी चाचा खाटेवरून सांगत होते. लिहून झाल्यावर टोपीवाल्याला विचारलं, वाचता येतं का. तो म्हणाला, न्हाय. मग मी त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं, त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, आणि पुठ्ठा दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून घरी गेले.