म्हणे तुमच्या फोनची मेमरी कमी!

मंडळी, आज आमच्याच कामाची किळस आली.

पेणच्या गणपती कारखान्यांसाठी आमचं ॲप आहे. बघून झालेले मूर्तींचे फोटो ते मेमरीतून सोडतच नाही आणि शेवटी बंद पडतं. ही मेमरीची गळती शोधायची सोडून साहेबांनी ॲपमध्ये मेसेज टाकायला लावला, ‘तुमच्या फोनची मेमरी कमी आहे.’

आज कारखान्यात रंगकाम करणाऱ्या काकी म्हणाल्या, "मेमरी कमी हाय ना, म्हणून जुने फोटो सगळे पुसले. ह्यांचे पण. तरी बंदच पडतंय!"

काका गेल्या वर्षी वारले. मी फोन तपासला. ट्रॅशसुद्धा रिकामा.

साहेबांना कळवलं तर म्हणाले, "त्यांना नवीन फोन घ्यायला सांग."

थू! गळती आमच्या ॲपमध्ये आणि पुसले गेले काका.

काकींना खरं कसं सांगू? त्या अजून स्वतःच्याच फोनला शिव्या घालतायत.