जुन्या मशीनवरची हॉकी

मारुती गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका टीव्हीचं मागचं झाकण काढून बसलो होतो. इंदापूरहून त्याच्या शाळेतले एक शिक्षक बोलत होते. "खरात मास्तर गेले," एवढंच म्हणाले. मी भलतंच काहीतरी विचारलं, "जेवला होता का?" असल्या वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. पाच आठवडे झाले त्याला, तरी तो प्रश्न आठवला की मला स्वतःचीच लाज वाटते.

मारुती इंदापूरच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होता. पण आमची ओळख त्याच्या आधीची, बारामतीत एका वर्गात होतो तेव्हाची. शाळेच्या हॉकी संघात तो गोलकीपर आणि मी त्याच्या पुढ्यात उभा राहणारा बॅक. मी पणदऱ्याचा, ऊसवाल्यांच्या घरातला. त्याच्या घरी वडिलांपर्यंत मेंढरं होती. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घालताना तोंडाशी उभं राहून निसटणारं कोकरू पायानं अडवायचं, हे लहानपणी त्याचं काम. गोलात तो तसाच वाकून उभा राहायचा. पॅड कुठले असणार, गोणपाट दुमडून नडगीला सुतळीनं बांधायचा.

आमच्या शेवटच्या वर्षी फायनल संपत आली असताना एक गोल झाला आणि आम्ही हरलो. लांबून आलेला साधा फटका होता, मारुतीनं तो सहज घेतला असता. पण वाटेत चेंडू माझ्या काठीला निसटता लागला आणि फिरला. कुणाला दिसलं नाही. सरांनी सगळ्यांसमोर मारुतीला फैलावर घेतलं, "झोपला होतास काय रे?" मी खाली मान घालून बुटाची लेस सोडत बसलो. एवढ्यावरच थांबलो असतो तरी चाललं असतं, पण चारचौघांत मीही म्हणालो, "सोपा होता गड्या तो." मारुतीनं नडगीचं गोणपाट सोडून त्याची घडी केली. पुढं मैत्री टिकली, दोघांची लग्नं झाली, तो इंदापूरला मास्तर झाला. तिथं त्यानं मुलींचा हॉकी संघ उभा केला, मैदानातली कुसळं स्वतः वेचली. हरल्यावर गोलकीपरला मास्तर कधी रागावून बोलले नाहीत, असं त्या संघातल्या मुली त्याच्या दहाव्याला मला सांगत होत्या. मी ऐकून घेतलं...

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, शाळेची नोकरी सुटली. बोटं हलवत राहा म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, तो दाबून दाबून मारुती वैतागला. मग एका दुपारी तो आणि कमलवहिनी एसटीनं थेट बारामतीला माझ्या दुकानात हजर. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत व्हिडिओ गेमची तीन मशीन मांडलेली असायची.

"वश्या, ह्यात हॉकी हाय का?"

"हाय, पण बर्फावरची. चेंडू न्हाय, चकती असती."

"असू दे. काठी हाय न्हवं?"

मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यात नवं, सीडीचं मशीन लावलं. त्यात खेळाडूंच्या तोंडची वाफसुद्धा दिसायची. मारुती बघत राहिला. पण रिमोटला इतकी बटणं, की त्याच्या आखडलेल्या मुठीत तो बसेचना. ते बंद करून मधलं मशीन लावलं. त्याला बटणं कमी. मांडीवर रिमोट ठेवून डाव्या अंगठ्यानं खेळाडू फिरवायचा आणि उजव्या मुठीनं बटण दाबायचं, हे त्याला हळूहळू जमायला लागलं. वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तेवढ्यात चकती आमच्या गोलावर आली आणि गोलकीपरनं सरकून ती अडवली.

"ह्यो कुनी हलवला?" मारुतीनं विचारलं.

"मशीननं. ह्यात गोलकीपर आपला आपनच हलतो. तुला तरास न्हाय."

त्यानं रिमोट खाली ठेवला. "मग मी कशाला पायजे?"

वहिनी दाराबाहेर रस्त्याकडं बघू लागल्या. मी फळीवरचं सगळ्यात जुनं मशीन काढलं, कॅसेट फुंकून आत घातली. खेळाडू म्हणजे नुसते ठोकळे, नाक-डोळे काही नाही. पण ह्यात गोलकीपरही आपल्याच अंगठ्यानं हलवावा लागे. मारुतीनं एकामागून एक गोल खाल्ले आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच तो मोठ्यानं हसला.

"ह्योच दे."

"आरं, चित्रं बघ कसली हायत. मधलं तरी ने."

"चित्रं बघाय आलो न्हाय मी, वश्या."

मशीन त्यांच्या पिशवीतनं इंदापूरला गेलं. त्यानंतर दर सोमवारी दुकान बंद ठेवून मी तिथं त्याच्याशी खेळायला जाऊ लागलो. एकदा खेळताना त्याच्या गोलात चकती गेली आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मारुती, फायनलचा त्यो गोल... माझ्या काठीला लागून गेला हुता."

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "ठावं हाय. आवाज आला हुता मला."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलून गोल माघारी गेला असता व्हय?" मग म्हणाला, "आन् तू सांगशील म्हनून थांबलो हुतो. लई येळ लावलास."

माझा खेळाडू पडद्यावर एका जागी उभा. "खेळ की," मारुती म्हणाला.

गेल्या सोमवारी पुन्हा इंदापूरला गेलो. मशीन वहिनींच्या डोळ्यांसमोर नको, परत आणावं, असं मनात होतं. चहा झाल्यावर वहिनींनी स्वतःच टीव्ही लावला आणि मारुतीच्या खाटेशेजारी सतरंजीवर बसून रिमोट हातात घेतला. "शेवटी शेवटी त्यांचा डावा हातबी साथ देईना, भावजी. मग मी खेळायची आन् ते पडल्या पडल्या सांगायचे, डावीकडं, उजवीकडं..." बोलता बोलता एक गोल झाला. मग दुसरा झाला. दर वेळी चकती आली, की वहिनींची मान किंचित खाटेकडं वळत होती. मला बघवेना.

"डावीकडं, वहिनी," मी म्हणालो.

"तुमी नका सांगू, भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचा आवाज जाईल कानातनं."

पुन्हा चकती आली. वहिनी क्षणभर थांबल्या, मग त्यांनी अंगठा दाबला. अडली.

मशीन तिथंच ठेवून मी पाचच्या एसटीनं बारामतीला परतलो.